चहानं उपास मोडत नाही

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. ऱ्हस्वदीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि शाळा चौथीतच सुटली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सकाळी बोटं सुजलेली असतात, पेन धरवत नाही, म्हणून दुपारी लिहिते. तीन घरच्या पोळ्या झालेल्या असतात आणि मुलगी निजलेली असते. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

एक गोष्ट आहे. तिच्यातली अर्धी मी एका बाईंना सांगितली, पूर्ण कुणालाच नाही.

मी कोथरूडात तीन घरी पोळ्या करते. पहिलं घर काकूंचं, साडेसहाला. काकू शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात. जिभेला धार आहे. पहिल्या दिवशी माझी पोळी उचलून म्हणाल्या, "ही पोळी आहे की नकाशा? यात कोल्हापूर कुठे आलं ते दाखव." मी इतकी घाबरले की दुसऱ्या दिवशी जायचंच नाही असं ठरवलं. पण गेले. ओट्यावर दोन कपबश्या मांडलेल्या होत्या, दोन्ही एकसारख्या. काकू म्हणाल्या, "आधी चहा, मग कणीक. झोपेत मळलेली कणीक मला चालत नाही." स्वतःच्या कपासारख्या कपात तोवर मला कुणी चहा दिला नव्हता. आलं घातलेला, निम्मं दूध. त्या दिवसापासून सात वर्षं तो चहा मी प्यायले. त्या घरी मी पगारासाठी जायचे हे खरं, पण थोडी त्या चहासाठीही जायचे.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मला पहिल्यांदा दिवस गेले. दोन महिन्यांतच सगळं गेलं. दुसऱ्या घरी पोळ्या लाटत होते तेव्हा. राहिलेल्या चार पोळ्या लाटून मग घरी आले. त्या वेळी कुणी रक्तबिक्त तपासलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "न्हाय टिकायचं ते न्हाय टिकत." मी पण तेच म्हणाले.

दोन वर्षांनी परत राहिलं. आमची खोली टेकडीच्या पायथ्याशी आहे, तिथून खाली पाच मिनिटांवर एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. या वेळी हे स्वतः मला घेऊन गेले. हे म्हणजे माझे मिस्टर, रंगकाम करतात. आत आले नाहीत. बायकांच्या दवाखान्यात त्यांना लाज वाटते, बाहेर स्कूटरवर बसून राहिले. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि कागद आल्यावर म्हणाल्या, "तुमचं थायरॉईड कमी काम करतंय. रोज एक गोळी. ही गोळी तुमच्यापेक्षा बाळासाठी आहे, एक दिवस चुकवायची नाही. आणि वजनाकडे बघा, आधीच जास्त आहे तुमचं."

मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवते.

अडुसष्ट किलो होते तेव्हा. थंडी फार वाजायची, मे महिन्यातसुद्धा पायांत मोजे घालून निजायचे. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. तव्यासमोर उभ्या उभ्या डोळा लागायचा. मला वाटायचं आपण आळशी आहोत. सासूबाईंनाही तसंच वाटायचं, त्या तसं म्हणायच्यापण. दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना सांगितलं की हा आजार आहे, थायरॉईड म्हणतात. त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला असलं थाराट-बिराट काय नव्हतं. काम केलं की अंग जाग्यावर ऱ्हायचं."

औषधाच्या दुकानात गोळ्या कागदी पुडीत घालून दिल्या. पुडीवर पेनानं लिहिलं होतं, सकाळी उपाशीपोटी. दुकानदारानं विचारलं, "समजलं ना, ताई?" मी म्हणाले, हो. मला वाचता येतं. चौथी का होईना, झालीय. वाचता येत नसतं तर मी त्याला विचारलं असतं. काय लिहिलंय, कसं घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं, सगळं विचारलं असतं. दुकानात माझ्या शेजारी एक म्हातारी होती, तिनं विचारलंच. चार वेळा विचारलं. तो वैतागला, पण त्यानं तिला सांगितलं.

उपाशीपोटी. आमच्या घरी उपास म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई संकष्टी करायची, सासूबाई मंगळवार आणि संकष्टी दोन्ही करतात. दिवसभर अन्नाला शिवत नाहीत, पण चहा चार वेळा होतो. चहानं उपास मोडत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही. चहा म्हणजे खाणं नव्हे, चहा म्हणजे नुसतं तोंड ओलं करणं. म्हणून मी घरून काही न खाता निघायचे आणि काकूंकडे पोचले की पदराच्या गाठीतली गोळी त्या गरम चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायचे. रक्तवाढीची लाल गोळी पण सकाळचीच होती, ती पण त्याच घोटात. रोज, एकही दिवस न चुकता. काकू म्हणायच्या, "घेतलीस का गं तुझी गोळी?" मी म्हणायचे, घेतली. मला वाटायचं, दोघी मिळून आपण बाळाला जपतोय.

दर महिन्याला वजन व्हायचं. दवाखान्यात दारापाशीच काटा होता, सगळ्या बायका बाकावर बसलेल्या असायच्या आणि नर्स आकडा मोठ्यानं म्हणायची. चौथ्या महिन्यात त्र्याहत्तर. पाचव्यात सत्याहत्तर. रक्ताचा कागद परत आला, तर थायरॉईडचा आकडा गोळीनं उतरायला हवा होता तो चढलेला. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, खाता काय तुम्ही?"

"काही नाही, मॅडम."

"काही न खाता महिन्यात चार किलो? मलाही सांगा ना ती युक्ती. मी उलटी करून वापरीन."

बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले. मग डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं, भात कमी करा, पोळीऐवजी भाकरी खा, तळलेलं नको, संध्याकाळी चाला, पण उपाशी राहू नका. त्यातलं शेवटचं मी ऐकलंच नाही. मी बाहेर येऊन यांना म्हणाले, माझं वजन जास्त आहे, बाळाला त्रास होईल. हे म्हणाले, "तू खातेस तरी किती?" हे एकटेच मला असं म्हणाले. पण त्यांचं म्हणणं मी धरलं नाही, कारण ते डॉक्टर नव्हते.

त्या दिवसापासून मी उपास धरले. संकष्टी, मंगळवार, गुरुवार. देवालाही पोचेल आणि वजनही उतरेल असं वाटलं. इतर दिवशी दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी नुसतं ताक. रोज तीन घरी मिळून चाळीस-पन्नास पोळ्या करायच्या, त्यांना तूप लावायचं, त्या तुपाचा वास नाकात घेऊन घरी यायचं आणि ताक प्यायचं. उपासाच्या दिवशी मात्र भूक आवरायची नाही, मग साबुदाणा, बटाटा, दाण्याचा लाडू. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एकादशी आणि दुप्पट खाशी! अगं, साबुदाण्यानं वजन उतरत असतं तर पुण्यात एक बाई जाड दिसली नसती." मी दुसऱ्या दिवसापासून साबुदाणाही सोडला. उपासाला नुसता चहा.

संध्याकाळी टेकडी चढायचे. पांढरे बूट घातलेली माणसं भराभर पुढे जायची. मला धाप लागायची, पाय सुजायचे. अर्ध्यावर एक दगड होता, तिथे बसून राहायचे आणि पोटाला हात लावून मनात म्हणायचे, थोडं सोस, तुझ्यासाठीच चाललंय. ते आत हलायचं, पण कमी हलायचं. मला वाटायचं की गुणी आहे, म्हणून.

वजनाच्या दिवशी मी नायलॉनची साडी नेसायचे, ती सगळ्यांत हलकी. पैंजण काढून पिशवीत ठेवायचे. एकदा हातातल्या हिरव्या बांगड्याही काढायला लागले तर सासूबाई ओरडल्या, "अगं ए, भरल्या पोटी हात मोकळे करतीस? डोकं फिरलं का तुझं?" मी परत घातल्या. काट्यावर उभी राहिले तेव्हा मला त्या बांगड्यांचाच राग येत होता. सहाव्या महिन्यात ऐंशी. नर्सनं आकडा म्हटला आणि मी खाली बघितलं तर मला माझी बोटं दिसली नाहीत.

घरी कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटात पोर हाय का पोतं?" आणि तासाभरानं त्याच डिंकाचा लाडू घेऊन आल्या, "खा गं, दोन जिवांची हायस." मी लाडू पदराखाली घेतला आणि बाहेर जाऊन गाईला घातला. गाईनं खाल्ला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

सातव्यात डोहाळजेवण केलं. शेजारच्या बायका आल्या, फुलांचे दागिने केले. सासूबाईंनी हिरवी साडी आणली होती. ब्लाउज महिन्यापूर्वी मापाचा शिवला होता, त्याचे हूक लागेनात. मागून सेफ्टी पिन लावून पदरानं झाकलं. ओटी भरायला आलेली प्रत्येक बाई एक घास भरवत होती. नको म्हणता येत नाही, ओटीचा घास नाकारला तर बाळाच्या तोंडचा घास जातो म्हणतात. श्रीखंड, करंजी, पेढा, परत श्रीखंड. मी प्रत्येक घासाबरोबर दुसऱ्या दिवशीचा काटा बघत होते. एक जण म्हणाली, "बघा कशी भरलीय, मुलगाच होणार." दुसरी म्हणाली, "भरलीय कसली, फुगलीय." सगळ्या हसल्या. त्या गेल्यावर मी मोरीत जाऊन घशात बोट घातलं. देवाचं नाव घेऊन भरवलेलं सगळं मी मोरीत ओकले. हे लिहिताना पण मला कुणी बघत नाही ना, असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ब्याऐंशी.

आणि त्याच दिवशी ते झालं. डॉक्टरबाईंच्या खोलीत मध्ये पडदा आहे. पडद्याअलीकडे पुढची बाई बसते, पलीकडचं सगळं ऐकू येतं. मी अलीकडे बसले होते. आत एक नोकरी करणारी मुलगी होती, तिलाही हीच गोळी दिलेली. डॉक्टरबाई तिला म्हणत होत्या, "फक्त पाण्याबरोबर. नंतर तासभर पोटात काही जाता कामा नये."

"ब्लॅक कॉफी तर चालेल ना, डॉक्टर? माझं डोकंच चालू होत नाही त्याशिवाय."

"कॉफी नाही, चहा नाही, दूध तर नाहीच. लोहाची गोळी चार तासांनी. नाहीतर ही गोळी घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच."

मुलगी काहीतरी म्हणून हसली. मला पुढचं ऐकू आलं नाही. घेतली काय आणि न घेतली काय. मी बोटांवर मोजायला लागले. दुसरा महिना, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा. माझा नंबर आला आणि मी आत गेले.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला. "अजून खाली येत नाही. गोळी नियमित घेताय ना?"

मी म्हणाले, "हो."

आजपर्यंत मला तो हो कळलेला नाही. सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाहेर बायका होत्या, पडद्यापलीकडे पुढची बाई बसलेली होती, आणि तिलाही सगळं ऐकू गेलं असतं. तेवढ्याचीच लाज वाटली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता जरा मोठी देते." मी मान हलवून मोठी गोळी घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचलाच घरी पाण्याबरोबर गोळी घ्यायला लागले, लाल गोळी दुपारी. काकूंकडे गेले, ओट्यावर दोन कपबश्या. मी म्हणाले, "काकू, मला चहा नको."

"का? बरं नाही का?"

"पित्त होतंय."

"सात वर्षं झालं नाही ते आज झालं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझा कप उचलून बेसिनमध्ये ओतला. चार दिवस त्या दोन कप मांडत राहिल्या आणि एक ओतत राहिल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "राणीसरकारांना आता आमचा चहा गोड लागत नाही," आणि एकच कप काढला. मला सांगता आलं असतं. काकू, तुमच्या चहानं माझी गोळी वाया गेली. पण हे वाक्य मनात उलटसुलट करून बघितलं तरी त्यात काकूंकडेच बोट जात होतं. त्यांनी तर प्रेमानं दिला होता. चुकले मी होते.

पंधरा-वीस दिवसांनी मला वेगळंच व्हायला लागलं. छाती धडधडायची, घाम सुटायचा, हात कापायचे. काकू म्हणाल्या, "अगं, लाटणं नाचतंय तुझ्या हातात. डॉक्टरकडे जा आधी." त्यांनीच पोळ्या अर्ध्यावर थांबवून मला पाठवलं. दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरबाईंनी मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं बाळाचं काही झालं. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं.

"मॅडम, मी गोळी चहाबरोबर घेत होते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मागच्या वेळेपर्यंत. आता पाण्याबरोबर घेते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अहो, म्हणून तर! आधीची पोचतच नव्हती आणि ही एवढी मोठी आता सगळीच्या सगळी पोचतेय. पुडीवर उपाशीपोटी लिहिलं होतं ना?"

"चहानं उपास मोडत नाही ना, मॅडम."

त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. बराच वेळ माझ्या कार्डावरचे वजनाचे आकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "आणि जेवण? खरं सांगा." मी सांगितलं. उपास, ताक, मोरी, सगळं. त्या म्हणाल्या, "हे वजन नुसतं खाण्याचं नव्हतं. गोळी लागू पडत नव्हती, अंगात पाणी धरत होतं. मी उगाच तुमच्या ताटाच्या मागे लागले. आणि तुम्ही बाळाच्या वाटचंही सोडलंत." त्यांनी गोळी कमी करून दिली आणि रोज चार वेळा जेवायचं, असं कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

मी विचारलं, "बाळाला काही होईल का?"

त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सुरुवातीचे तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही, ते सगळं आईकडूनच घेतं. त्या वेळी कमी पडलं असेल तर आत्ता सांगता येत नाही. बहुतेक मुलं चांगली असतात."

बहुतेक. तो शब्द घेऊन मी घरी आले, तो अजून घरातच आहे.

मग मी जेवले. शेवटचे दीड महिने रोज चार वेळा जेवले, आणि वजन पूर्वीसारखं वाढलं नाही. तोंडाची सूज उतरली. शेवटच्या काट्याला नर्स म्हणाली, "अरे वा, एक किलो फक्त!" मला त्या किलोचं काहीच वाटलं नाही. ज्याच्यासाठी सहा महिने रडले ते आता होत होतं आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

मुलगी झाली. दोन किलो तीनशे. टाचेतून रक्त घेऊन तपासलं, तिचं थायरॉईड चांगलं निघालं. सगळे म्हणाले, सुटलीस. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. मी मात्र तिच्याकडे दुसऱ्याच नजरेनं बघत होते. शेजारणीच्या मुलानं चौथ्या महिन्यात मान धरली, हिनं सहाव्यात. तो बसला तेव्हा ही लोळत होती. दीड वर्षाची झाली तरी उभी राहायची ती भिंतीला धरून. एक शब्द नाही. नुसती बघायची, फार शांत बघायची. सासूबाई म्हणायच्या, "बापावर गेलीय, त्यो पण उशिरा बोलला." हे म्हणायचे, "बोलेल गं." मी दोघांनाही काही सांगितलं नव्हतं. मी तिला मांडीवर घेऊन म्हणायचे, आई म्हण, आई. ती माझ्या ओठांना बोट लावायची.

मला कळून घ्यायचं होतं. माझ्यामुळे झालं का, एवढंच. पोरांच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी कानाची, डोक्याची, रक्ताची अशा तपासण्या लिहून दिल्या. पंधरा हजार होतील म्हणाले. यांचं काम तेव्हा बंद होतं. मी दोन दिवस काकूंच्या ओट्यापाशी घुटमळले. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "किती हवेत? तुझ्या तोंडावर आकडा दिसतोय, पण मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही." मी सांगितलं. सांगताना रडू आलं. त्यांनी कपाटातून पैसे काढून दिले. "रडू नकोस, कणीक खारट होईल. आणि पगारातून कापणार नाही मी. पगार तो पगार, उसने ते उसने. जमेल तसे हातात आणून दे."

तपासण्या झाल्या. डॉक्टर भले होते, अर्धा तास बोलले. मुलगी मागे आहे, थोडी. कान चांगले आहेत. शिकवलं तर पुढे येईल, किती येईल ते आत्ताच सांगता येणार नाही. मी यांना बाहेर पाठवून विचारलं, "पोटात असताना माझी गोळी नीट पोचली नव्हती. त्यानं झालं का?"

ते म्हणाले, "असूही शकेल, नसूही शकेल. ते शोधून काढायची तपासणी नाही."

म्हणजे जे विचारायला मी पैसे घेतले होते, तेवढंच त्यांच्याकडे नव्हतं.

त्यानंतर अडीच वर्षं मी काकूंना पैसे देत राहिले. कधी पाचशे, कधी सातशे, दोन महिने काहीच नाही. त्या काळात मी रोज ठरवायचे की आज त्यांना चहाचं सांगायचं, आणि रोज तेच आडवं यायचं. अंगावर उसने असताना हे सांगितलं तर काय वाटेल? पैसे बुडवायला बाई चहाला दोष लावते. म्हणून ठरवलं की पैसे फिटू देत, मग सांगू. आता गोळी पाचला घेऊन साडेसहाला तो चहा खुशाल पिता आला असता, मध्ये दीड तास जातो. पण काकूंनी परत कधी विचारलं नाही, आणि मला तो वाससुद्धा सोसत नव्हता.

मुलीला आता चार वर्षं पुरी झाली. चालते. सात-आठ शब्द बोलते. आई म्हणते, पण सासूबाईंना पण आईच म्हणते आणि मांजरालापण. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, अजून एक वर्ष थांबू या.

मागच्या सोमवारी पगार झाला. तेव्हा उरलेले पाचशे मी वेगळे करून रुमालात बांधले आणि पोळ्या झाल्यावर हात धुऊन काकूंसमोर ठेवले. मनात वाक्य तयार होतं. रात्रभर घोकलं होतं, शाळेत कविता घोकायचे तसं. काकू, मी तुमचा चहा का सोडला ते सांगायचंय.

काकूंनी चष्मा लावला, नोट उजेडात धरली, कपाटात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं बाई. आता तू माझं काही लागत नाहीस." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मी पण हसले. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावरच्या त्यांच्या एकट्या कपाकडे गेली, असं मला वाटलं. नसेलही गेली.

"अशी उभी काय? अजून काही राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

वाक्य तोंडाशी आलं होतं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. हात आता कापतात, भरलेला कप उचलताना बशीत सांडतो. या बाईंना उरलेल्या आयुष्यात रोज सकाळी चहा करताना माझी पोर आठवायला लावायची का, असं मनात आलं.

"नाही काकू," मी म्हणाले. "सगळे फिटले."